सौदी, जर्मनी की ब्रिटन? बाहेर जाणाऱ्या सिस्टरसाठी

नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा किंवा बीएससी झालेली, दोन-तीन वर्षं आयसीयूत काढलेली मुलगी बाहेर जायचं म्हणते तेव्हा पहिला प्रश्न पगाराचाच असतो. पण नुसत्या पगाराच्या आकड्यावर देश निवडला की पुढे गडबड होते. आधी एकच ठरवायचं: पैसे कमवून परत यायचंय, की बिऱ्हाड हलवायचंय? आखात पहिल्या कामासाठी आहे, जर्मनी आणि ब्रिटन दुसऱ्या. सौदीत मी काम केलंय, आता जर्मनीत आहे. ब्रिटनचं जे लिहितेय ते तिथे नोकरी करणाऱ्या माझ्या बॅचच्या मैत्रिणींचं.

पहिला पगार कधी?

यात आखाताला तोड नाही. डेटाफ्लो ही कंपनी करते ती कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिकची म्हणजे नर्सच्या परवान्याची संगणकावरची परीक्षा, इंटरव्ह्यू, मेडिकल, व्हिसा. परीक्षा इंग्रजीत आणि पर्यायी उत्तरांची. वॉर्डात काम केलेली मुलगी दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात काढते. कागद वेळेवर आले तर वर्षाच्या आत पहिला पगार घरी पोचतो.

ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ हवेत, किंवा ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत बी (लिहिण्यात सी प्लस चालतो). आपल्या मुली अडकतात त्या लिहिण्यात. मग सीबीटी ही संगणकावरची लेखी परीक्षा इथूनच देता येते, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र तिकडे पोचल्यावर. तिथे दहा स्टेशन्स असतात आणि हात धुण्यापासून रुग्णाशी बोलण्यापर्यंत सगळं तपासतात. ती पास होऊन पिन नंबर, म्हणजे तिथला नर्सचा नोंदणी क्रमांक, हातात येईपर्यंत पगार खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा.

जर्मनीला सर्वांत उशीर. नर्स म्हणून मान्यता मिळवायला बी-टू पातळीची, म्हणजे कामकाज सहज चालवता येईल इतकी, जर्मन लागते, आणि ड्यूटी सांभाळून ती वर्षभरात होते असं सांगणाऱ्या क्लासवर विश्वास ठेवू नका. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्यूलर भवनात (जर्मन शिकवणारी संस्था) किंवा चांगल्या खासगी क्लासला पूर्णवेळ बसलात तर दहा-बारा महिने धरा. म्हणजे तेवढे महिने पगार बंद किंवा अर्धा. घरी कर्जाचा हप्ता सुरू असेल तर हा खर्च आधी मांडा.

हातात किती उरतं?

सौदीत सरकारी रुग्णालयात अनुभवी नर्सला साधारण चार-साडेचार हजार रियाल मिळतात. आयकर नाही, राहायला जागा बहुधा मिळते, ड्यूटीची बस असते. म्हणजे जेवणखाण आणि फोन सोडला तर पगार जवळजवळ अख्खा शिल्लक. वर करार पूर्ण करून निघताना ग्रॅच्युइटी: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दर वर्षामागे एक महिन्याचा.

जर्मनीत २०२५ च्या जुलैत वृद्धसेवेतल्या मान्यताप्राप्त नर्सचं किमान वेतन तासाला २०.५० युरो झालं. आठवड्याला साडेअडतीस तास धरले तर महिन्याला ३,४०० युरोच्या आसपास. आकडा डोळ्यांत भरतो, पण अविवाहित नर्सच्या हाती त्यातले सव्वादोन-अडीच हजारच पडतात. कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारी विमा, काळजी विमा सगळं आधीच कापलेलं असतं. त्यातून भाडं. मान्यता मिळण्याआधी मदतनीस म्हणून राबता ते महिने तर याहून कमी.

ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, नर्सच्या बँड ५ ची सुरुवात २०२५-२६ साठी वर्षाला ३१,०४९ पौंड होती. पेन्शन आणि कर जाऊन महिन्याला साधारण दोन हजार पौंड हाती पडत. लहान गावात बरं चालतं. लंडनचा वाढीव भत्ता मिळाला तरी तो घरमालकाच्याच खिशात जातो.

तेव्हा पहिल्या तीन-चार वर्षांत गाठीला पैसा आखातात जास्त जमतो. यावर माझ्याशी वाद घालणारी जर्मनीतली नर्स मला अजून भेटलेली नाही.

काम तेच असतं का?

नाही. आणि एजंट जे सांगत नाही ते हेच.

सौदीत काम आपल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलसारखंच वाटतं. इंजेक्शन, आयव्ही, मॉनिटर, चार्टिंग. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, बारा तासांच्या ड्यूट्या, फाइल इंग्रजीत, रुग्ण अरबीत. वॉर्डात मल्याळी आणि फिलिपिनो जास्त, मराठी माणूस क्वचित. कामाचं कौशल्य शाबूत राहतं.

जर्मनीत पहिल्या आठवड्यातच धक्का बसतो. आपल्याकडे बेडपॅन द्यायला मावशी असते, रुग्णाला उचलायला मामा असतो. इथे मावशी म्हणजे तुम्हीच. सकाळी सहाला आधीच्या पाळीकडून हँडओव्हर घ्यायचा आणि मग आठ-दहा रुग्णांना अंघोळ किंवा स्पंजिंग, दात, केस, कपडे, नाश्ता भरवणं. ‘मूलभूत सेवा’ हे इथल्या नर्सिंगचं अर्धं अंग आहे, हलकं काम मानलं जात नाही. उलट कॅन्युला (सलाइनची सुई) घालणं, रक्त घेणं हे पुष्कळ ठिकाणी डॉक्टरच करतात. पाच वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या मुलीला डायपर बदलताना रडू येतं, आणि फोनवर आईला ती हे सांगत नाही. वृद्धाश्रमात गेलात तर हेच काम आणखी जास्त. म्हणून कंत्राटात रुग्णालय आहे की वृद्धाश्रम, हे विमानात बसण्याआधी वाचा.

भाषेचंही तसंच. बी-टूला शिकवतात ती पुस्तकी जर्मन. स्टुटगार्टकडच्या आजीबाई बोलतात ती श्वाबिश, तिथली बोली. ‘क्लिंगेल’ वाजते, म्हणजे खोलीतली बेल, तुम्ही धावत जाता आणि आजी काय म्हणतेय ते तीनदा विचारूनही कळत नाही. त्याहून अवघड म्हणजे डॉक्टरांचा फोन: समोर चेहरा नाही, ओठ नाहीत, आणि औषधाचा डोस ऐकायचाय. पहिल्या वर्षी फोन वाजला की मी बाथरूममध्ये काम काढायची.

पण मान्यता मिळाली की चित्र पालटतं. परीक्षा द्यायची किंवा अनुकूलन-प्रशिक्षण पूर्ण करायचं, दोन्हींपैकी एक निवडता येतं. त्यानंतर तुम्ही जर्मन नर्सच्या बरोबरीच्या. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार. सरकारी रुग्णालयात वर्षाला तीस दिवसांची रजा, आणि ती मागताना कुणी तोंड वाकडं करत नाही.

ब्रिटनचं काम या दोन्हींच्या मधलं. भाषा येते हा मोठाच दिलासा. मात्र दार सध्या अरुंद आहे: २०२४ पासून एनएचएसने परदेशी भरती बरीच आवरती घेतलीय आणि तिथल्याच नव्या नर्सना जागा शोधाव्या लागताहेत. कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्तावही सरकारने २०२५ मध्ये मांडला. आज नव्याने सुरुवात करणारीला मी ब्रिटन पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही.

नवरा, मुलं, आईवडील

लग्न झालेल्यांनी खरं तर इथूनच वाचायला सुरुवात करावी. सौदीत घरच्यांना नेलं तर दर माणशी महिन्याला ४०० रियाल शुल्क भरावं लागतं. नवऱ्याला काम हवं असेल तर त्याला वेगळी परवानगी लागते, आणि मुलांच्या भारतीय शाळांची फी वेगळी. त्यामुळे बहुतेक जणी मुलं सासू किंवा आईकडे ठेवून जातात. रियाधहून मुंबई चारेक तासांची, घड्याळातला फरक अडीच तासांचा, तेवढाच आधार.

जर्मनीत नवऱ्याला काम करायची मुभा असते, सरकारी शाळेला फी नाही, आणि दर मुलामागे महिन्याला बालभत्ता मिळतो (२०२५ मध्ये तो २५५ युरो होता). बहुतेक जणी मान्यता हातात आल्यावरच घरच्यांना बोलावतात, कारण तेव्हा पगार पुरेसा दिसतो. म्हणजे दीड-दोन वर्षांची ताटातूट गृहीत धरा. कुशल कामगार म्हणून परवाना मिळाल्यावर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. नवरा इलेक्ट्रिशियन किंवा वेल्डर असेल तर त्यालाही आजपासूनच जर्मनच्या क्लासला घाला.

आईवडिलांचं उत्तर तिन्हीकडे जवळजवळ सारखंच कडू आहे. बहुतेक वेळा ते येतात ते पाहुणे म्हणून.

एजंट आणि कागद

सौदी, यूएई, कुवेत यांच्यासह १८ देशांसाठी २०१५ पासून नर्सची भरती ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून, सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच करायची असते. ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जिथे नोंदणीकृत एजंटचा संबंध येतो तिथे सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेताच येत नाहीत. जर्मनीतही भले रुग्णालय क्लास, विमान आणि मान्यतेचा खर्च स्वतः करतं. तरी पाच-सहा लाख मागणारे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात बसलेत.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही येतात. चांगली गोष्ट, पण कराराची बातमी म्हणजे ऑफर लेटर नव्हे. भाषा तुम्हालाच शिकायचीय.

कुठेही जा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा आणि जुन्या हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र तारखांसकट आजच घ्या. बंद पडलेल्या नर्सिंग होमचं पत्र नंतर मिळवताना नाकी नऊ येतात.

लातूरची चोवीस वर्षांची, शिक्षणकर्ज डोक्यावर असलेली मुलगी विचारेल तर मी म्हणेन, आधी सौदी, तीन वर्षं, आणि तिथे असतानाच मोबाइलवर जर्मन सुरू कर. दोन मुलांची, पस्तिशीकडे झुकलेली आणि नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नसलेली असेल तर थेट जर्मनी. फक्त कंत्राटातलं बंधनाचं कलम आधी कुणाकडून तरी मराठीत समजून घ्यायचं: किती वर्षं सोडता येणार नाही, सोडलं तर नेमके किती युरो परत करायचे, आणि ते युरो दर महिन्याला कमी होत जातात की शेवटपर्यंत तेवढेच राहतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळालं नाही तर सही करू नका.