‘द सटल नाइफ’ : काही महिन्यांच्या वाचनानंतर

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ मालिकेतला हा दुसरा भाग, १९९७ सालचा. थंडीत अप्पा बळवंत चौकातून पहिल्या भागासोबतच घेतला. आधी एकटीने वाचला, मग भाचीबरोबर रविवारी सकाळी मोठ्याने, आणि आता पावसाळ्यात हवी ती प्रकरणं पुन्हा काढून वाचते. एकमेकांवर भरवसा कसा बसतो आणि तो निभावताना काय गमवावं लागतं, हे मुलांना इतक्या खरेपणाने सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. पुढे कथानक उघड होणार आहे.

लायरा आणि विल ही दोन वेगळ्या जगांतली मुलं भेटतात चित्तागाझे नावाच्या शहरात. तिथे स्पेक्टर नावाची भुतं मोठ्या माणसांना आतून खाऊन टाकतात, म्हणून मागे उरलीत ती फक्त मुलं. लायराकडे अलेथिओमीटर नावाचं, खरं उत्तर देणारं यंत्र आहे. हा मुलगा मित्र की शत्रू, असं ती त्याला विचारते. उत्तर येतं, ‘खुनी’. आणि ते कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडतो!

भाचीने इथे मला थांबवलंच. “मावशी, खुनी आहे म्हटल्यावर हिला भीती कशी नाही वाटली?” मग पहिला भाग आठवत बसलो. लायराला सगळ्यात खोल जखमा केल्या त्या तिच्याच आईवडिलांनी, आणि जपलं ते योरेक या लढवय्या अस्वलाने. गोड बोलणाऱ्यांपेक्षा संकटात मागे न हटणारा सोबती तिला जवळचा वाटतो. शिवाय विलच्या हातून झालेला खून घरात घुसलेल्या माणसाशी झटापटीत, अपघाताने झालेला. त्याची पहिली बांधिलकी आजारी आईशीच आहे, आणि तिला मागे ठेवून आल्याची टोचणी पानोपानी जाणवते.

लायराचं मन मात्र दोन ठिकाणी ओढलं जातं. विलला वडील शोधायला मदत कर, असं यंत्राने बजावलेलं असतं, तरी ती ‘डस्ट’ या गूढ कणांचं कोडं सोडवायला जाते आणि यंत्रच चोरीला जातं. ते परत मिळवायच्या खटपटीत विलच्या हाती एका जगातून दुसऱ्या जगात वाट कापणारा, पुस्तकाच्या नावातला चाकू येतो, पण डाव्या हाताची दोन बोटं जातात. नुसती माफी मागून मिटेल असं हे नाही, म्हणून लायरा आपला शोध बाजूला ठेवते. हा भाग मला फार आवडतो.

लायराचा बलूनवाला मित्र ली स्कोर्सबी, त्याचं प्रकरण वाचताना अजूनही गळा दाटून येतो. लायराला संरक्षण मिळेल असा शब्द ग्रमनकडून, म्हणजे विलच्या हरवलेल्या वडिलांकडून, घेऊन तो खिंडीत सैनिकांना अडवत मरतो. पुढे ग्रमन विलला सांगतो, चाकू लायराच्या वडिलांकडे, मोठं युद्ध उभारणाऱ्या लॉर्ड अ‍ॅस्रिएलकडे ने. मला वाटतं, लढाईपुढे लीला दिलेला शब्द मागे पडला. भाचीला हे मान्य नाही. आपला मुलगा ओळखू आला त्याच क्षणी बाण लागला, त्याला बोलायला वेळच कुठे मिळाला, असं ती म्हणते. वाद अजून चालू आहे.

खटकतं ते एकच. पहिल्या भागातली बिनधास्त लायरा इथे विलपुढे फारच नमती होते, आणि प्रत्येक वाचनात ते जास्त जाणवतं.

इंग्रजी सोपं नाही. चेटकिणींच्या प्रकरणांत भाची अडखळायची, तेव्हा तेवढं मराठीत सांगून पुढे गेलो. शेवट ऐन मोक्यावर तुटतो, लायरा गायब आणि विल एकटा, म्हणून २००० साली आलेला तिसरा भाग आधीच आणून ठेवा.