चितळाच्या शिकारीचा ‘परवाना’ आणि आमचे अडीच लाख रुपये

जानेवारी २०२५ मध्ये मी आणि माझे यजमान सातपुड्याच्या पायथ्याशी चितळाच्या शिकारीला गेलो आणि अडीच लाख रुपये गमावून परतलो. ‘शिकार’ हा शब्द वाचूनच अनेकांना आमचा राग येईल आणि तो योग्यच आहे. तरीही मी हे लिहिते आहे, कारण आम्हाला फसवणारा माणूस लोकांच्या याच रागावर आणि आमच्या लाजेवर पोट भरतो.

रावेर तालुक्यात आमची केळी आहे आणि डोंगराकडच्या तुकड्यात हरभरा. यजमानांकडे वडिलोपार्जित एकनळी बंदूक असून तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना त्यांच्या नावावर आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी इतरांप्रमाणे त्यांनीही ती पोलीस ठाण्यात जमा केली होती. निकालानंतर ती परत आणायला गेले, तेव्हा तिथल्याच बाकावर हा गृहस्थ त्यांना भेटला. ओळख ठाण्यात झाली, तेव्हा माणूस सरळच असणार, असे आम्ही धरून चाललो. पुढे तो दोनदा घरी आला, मला ‘वहिनी’ म्हणत भरीत-भाकरी जेवला आणि हरभऱ्यात उतरणाऱ्या हरणांचा विषय त्याने स्वतःहून काढला.

त्याच्या बोलण्यातले निम्मे खरे होते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याची परवानगी वन विभागाकडून ठरावीक अटींवर मिळू शकते. याच खऱ्या गोष्टीला त्याने खोटे जोडले. यंदा चितळांचाही त्यात समावेश झाला आहे, परवाना शेतकऱ्याच्या नावे निघतो पण त्याच्याकडे बंदूक नसते, म्हणून आमच्यासारखे परवानाधारक लागतात, आणि शिंगे आम्हाला घरी नेता येतील, असे त्याने सांगितले. यजमानांनी लहानपणी वडिलांकडून शिकारीच्या परवान्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तेव्हा त्यात अशा परवान्यांची सोय होती, पण १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, हे आम्ही फसल्यानंतर वाचले. शिंगांचे तर उघडच खोटे होते, कारण रीतसर परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा राज्य शासनाच्या मालकीचा असतो.

परवाना म्हणून त्याने जो कागद दिला, त्यावर राजमुद्रा होती, खाली जांभळा गोल शिक्का होता आणि मजकुरात ‘चित्तळ’ असे लिहिले होते. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. ते अक्षर मला खटकले होते, तरी टंकलेखनाची चूक समजून मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. परवाना शुल्काचे पंचेचाळीस हजार आणि गाडी व वाटाड्याचे पंचवीस हजार त्याने एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर भरायला लावले. सरकारी शुल्क खासगी खात्यात कसे जाते, असे मी विचारले, तेव्हा ‘वहिनी, चलनाची कटकट मी बघतो’ एवढेच उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले.

आमच्या लग्नाला त्या महिन्यात तीस वर्षे पूर्ण होत होती. जोडीने चला, असा त्याचाच आग्रह होता आणि मीही हौसेने गेले. रात्री साडेदहाच्या सुमारास वाटाड्याने हरभऱ्याच्या बांधावरून बॅटरी मारली, तेव्हा शेताच्या पलीकडच्या कडेला पाच-सहा जोड डोळे चमकले. एक नर मान वर करून आमच्याकडे पाहत होता. त्याच्या शिंगांवर अजून मऊ लव होती आणि तोंडातून हरभऱ्याचा डहाळा लोंबत होता. यजमानांनी बंदूक खांद्याला लावली, पण घोडा ओढला नाही. का ओढला नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली, कळप उधळला आणि खाकी कपड्यांतली तीन माणसे बांधावर चढली.

गोळी सुटली नसली तरी शिकारीचा प्रयत्न हासुद्धा शिकारीचाच गुन्हा ठरतो, असे त्यांनी सांगितले आणि कायद्यात तसेच आहे. आमचा कागद त्यांनी बनावट ठरवला, वाटाड्या अंधारात नाहीसा झाला आणि मग सगळा रोख माझ्याकडे वळला. ‘मॅडम, पंचनाम्यात तुमचेही नाव येईल, उद्या फोटो पेपरात येईल,’ हे वाक्य एकाने तीनदा उच्चारले. जोडीने येण्याचा आग्रह कशासाठी होता, ते मला तेव्हा उमगले. माझ्या अटकेचे नाव निघताच यजमानांचा धीर सुटला. पाच लाखांवरून बोलणी एक लाख ऐंशी हजारांवर आली. तीस हजार आमच्याजवळ रोख होते. उरलेल्या रकमेसाठी मोबाईलला रेंज मिळावी म्हणून त्यांनी आम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत आणले आणि दोघांच्या मोबाईलवरून दीड लाख पाठवून घेतले.

घरी पोहोचल्यावर यजमानांनी बंदूक कपाटात ठेवली आणि तिथेच थबकले. खऱ्या वन अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी बंदूक आणि गाडी जप्त केली असती, पंचनामा केला असता, आमचे जबाब घेतले असते. या तिघांनी बंदुकीला हातसुद्धा लावला नव्हता.

तक्रार दिली तर आपणच अडकू, या भीतीने आम्ही अकरा दिवस घालवले. तेवढ्यात ज्या खात्यात पैसे गेले ते रिकामे झाले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आम्ही त्याच रात्री फोन केला असता, तर रक्कम गोठवली जाण्याची काही आशा होती. बाराव्या दिवशी आम्ही वन कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात जाऊन, बंदूक खांद्याला लावल्याच्या वाक्यासह, सर्व लेखी दिले. बंदूक आता जमा आहे, चौकशी सुरू आहे आणि आमच्या वाट्याला जी कारवाई येईल ती आम्ही स्वीकारणार आहोत. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. तिथे एक फोन करून चितळाच्या शिकारीचा परवाना मिळतो का, एवढेच आधी विचारले असते तरी पुरे होते.

जबाब दिल्यानंतर आठवडाभराने शेजारच्या गावातले एक जोडपे संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी केळीच्या भावाविषयी बोलणे केले. मग त्या बाईंनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर तोच जांभळा शिक्का होता आणि मजकुरात तेच ‘चित्तळ’.