खाणीतील पावसाचे पाणी: रॅशनल पद्धत घ्यावी की कर्व्ह नंबर?

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील खुल्या कोळसा खाणीत गारलँड ड्रेन (पाणी अडवून वळवणारे भोवतालचे नाले), मोऱ्या आणि संप (पाणी साठवून उपसण्याचा तळाचा खड्डा) यांचे आराखडे करताना अपधाव, म्हणजे जमिनीत न मुरता वाहून येणारे पावसाचे पाणी, कोणत्या पद्धतीने काढावा, हे ठरवण्याआधी जी रचना बांधायची ती पाणी वाहून नेणार आहे की साठवणार आहे, हे पाहावे.

वाहून नेणाऱ्या नाल्याला कमाल प्रवाहाचा आकडा लागतो आणि तो रॅशनल पद्धतीने थेट मिळतो. अपधाव गुणांक (पावसाचा किती हिस्सा वाहून येतो तो आकडा), पावसाची ताशी तीव्रता मिलिमीटरमध्ये आणि पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये घेऊन गुणाकाराला 360 ने भागले की घनमीटर प्रतिसेकंद हाती येतात. समजा, डंपच्या (खाणीतून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाच्या) पायथ्याचे क्षेत्र 40 हेक्टर, गुणांक 0.6 आणि तीव्रता 90 मिमी आहे. प्रवाह 6 घनमीटर येतो. चूक बहुधा तीव्रतेत होते. पाण्याची वाट 900 मीटर लांब आणि उतार 2 टक्के असेल, तर किर्पिचच्या सूत्राने संकेंद्रण काळ, म्हणजे सर्वांत दूरचे पाणी नाल्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, सुमारे 17 मिनिटे निघतो, म्हणून तीव्रताही तेवढ्याच अवधीच्या पावसाची घ्यावी लागते. त्याऐवजी दिवसभराच्या 150 मिमी पावसाला 24 ने भागून 6.25 मिमी धरले, तर तोच नाला अवघ्या 0.42 घनमीटरसाठी बांधला जाईल आणि पहिल्याच जोरदार सरीत फुटून डंपची माती हॉल रोडवर (डंपरांच्या वाहतुकीच्या रस्त्यावर) आणील.

संपसाठी मात्र एकूण आकारमान हवे, आणि तेथे कर्व्ह नंबर पद्धत निःसंशय सरस आहे, कारण ती जमिनीच्या आधीच्या ओलाव्याची दखल घेते: नंबर 100 च्या जितका जवळ, तितके पाणी कमी मुरते आणि जास्त वाहते. जूनमध्ये भेगाळलेली काळी माती पहिले पाऊस गिळून टाकते. ऑगस्टमध्ये भेगा मिटल्यावर तीच माती जवळपास सारे पाणी वाहू देते. त्याच 40 हेक्टरांवर 150 मिमी पावसात कर्व्ह नंबर 85 धरल्यास 107 मिमी, म्हणजे 42,800 घनमीटर पाणी येते. जमीन आधीच भिजलेली असताना तो नंबर 93 होतो आणि पाणी सुमारे 51,700 घनमीटर. वाढलेले 8,900 घनमीटर उपसायला ताशी 500 घनमीटरच्या पंपाला जवळजवळ 18 तास लागतात, आणि तेवढा वेळ तळाचा बेंच (खाणीची पायरी) पाण्याखाली राहतो. म्हणून संपसाठी मी भिजलेल्या जमिनीचाच नंबर धरीन. पर्यावरण मंजुरीच्या अटींत सहसा असणारे 50 टक्के जादा क्षमतेचे बंधन त्यानंतर लावावे. नंबर कमी धरून ती मुभा आधीच खर्च करू नये.

मोरीला रॅशनल पद्धत पुरते. पण वरच्या बाजूला तळे असेल, तर कर्व्ह नंबरवरून जलालेख (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाचा आलेख) काढून तळ्यातील साठवण हिशेबात घ्यावी.

दोन्ही पद्धतींत पाणलोट क्षेत्राचा आकडा मात्र यंदाचाच हवा. डंप सरकतात, हॉल रोड पाण्याची दिशा बदलतो, आणि गतवर्षी नाल्याकडे जाणारे दहा हेक्टर यंदा खड्ड्यात उतरलेले असतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस नव्याने मोजणी करून मगच सूत्रांत आकडे घालावेत.