अलकापुरीतील निबंध-मार्गदर्शन: पाच बैठकींचा अनुभव

मुलगी बारावीत असताना, 2025 च्या जुलैमध्ये, अमेरिकेतील विद्यापीठांच्या अर्जासोबत द्यावयाच्या निबंधासाठी आम्ही वडोदऱ्याच्या अलकापुरीतील एका मार्गदर्शन केंद्रात पाच बैठकींचे बारा हजार रुपये भरले. कॉमन ॲपच्या (अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या) सात विषयांपैकी तिने स्वतःवर आलेल्या अडचणीचा विषय निवडला होता, शब्दमर्यादा 650.

पहिल्या दोन बैठकींबद्दल माझी स्पष्ट नाराजी आहे. ऑगस्ट 2024 मधील विश्वामित्री नदीच्या पुराचा उल्लेख ऐकताच तिथल्या तरुण समुपदेशकाने स्वतःच एक मसुदा लिहून पाठवला, ज्यात आमचे समा भागातील तळमजल्याचे घर उद्ध्वस्त झाले होते आणि मुलगी रात्रभर रडत बसली होती. घरात गुडघाभर पाणी आले होते हे खरे. पण ती रडली नव्हती, आणि जे घडलेच नाही ते स्वतःच्या नावावर पाठवायला ती तयार नव्हती. मजकूर आपला आणि खरा असल्याची हमी अर्जात विद्यार्थ्यालाच द्यावी लागते, ही गोष्ट केंद्राला आम्हाला सांगावी लागली याचे मला आजही वाईट वाटते.

तक्रार केल्यावर तिथल्या ज्येष्ठ बेननी (गुजरातीत बेन म्हणजे ताई) उरलेल्या तीन बैठकी स्वतः घेतल्या, आणि माझे मत बदलले ते त्यांच्यामुळे. "पूर तर सगळ्या गावाला आला, तू काय केलंस ते आधी मराठीतच सांग, इंग्रजीचं नंतर बघू," असे त्यांनी म्हटल्यावर मुलगी प्रथमच मोकळेपणाने बोलली. तीन दिवस वीज नव्हती आणि आजीचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते. तिने बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा माठातल्या पाण्यात ठेवला, माठाभोवती ओले फडके बांधले आणि ते कधी भिजवले याची वेळ दर खेपेला कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीने लिहिली. बेननी त्या नोंदींविषयीच खोदून खोदून विचारले, तेव्हा दुसऱ्या रात्रीची दोनची नोंद नाही, कारण तिला झोप लागली होती, हे बाहेर आले. सकाळी कोरडे फडके पाहून ती घाबरली आणि मग तिने काकांबरोबर पाळ्या लावल्या. सगळे एकटीने सांभाळण्याचा हट्ट सोडणे, हाच पुढे निबंधाचा गाभा झाला.

बेननी तिचे एकही वाक्य बदलले नाही; समासात फक्त प्रश्न लिहिले. शाळा बंद राहिली, वह्या भिजल्या हा तपशील त्यांनी निबंधातून काढून अर्जातील अडचणी आणि परिस्थितीच्या 250 शब्दांच्या वेगळ्या रकान्यात टाकायला सांगितला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 350 शब्दांच्या उत्तरात मात्र अडचणीचा अभ्यासावर काय परिणाम झाला हेही विचारलेले असते, म्हणून तिथे तो पुन्हा घेतला.

या केंद्रात जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच बेनच्या बैठकी मागून घ्याव्यात आणि तयार मसुदा नको असे लेखी सांगावे. शक्यतो जूनमध्येच सुरुवात करावी, कारण लवकर निर्णयाच्या (अर्ली डिसिजन, म्हणजे नेहमीपेक्षा आधी अर्ज करून आधी निकाल मिळण्याच्या) बहुतेक अर्जांची मुदत 1 नोव्हेंबरला संपते, नवरात्रात मुलांची जागरणे असतात, आणि दिवाळीत केंद्र आठवडाभर बंद असते.