स्पिटफायरच्या नळीसाठी गेलो आणि…

गिरगावातल्या या जिन्याखालच्या मॉडेल विमानांच्या दुकानात मी फक्त इंधनाची नळी घ्यायला गेलो होतो. माझ्या २० सीसी पेट्रोल इंजिनाच्या स्पिटफायरला (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल) सिलिकॉनची लावली होती, ती फुगून सैल पडली. काका बघताक्षणी म्हणाले, "सिलिकॉन मेथॅनॉलवाल्या नायट्रो इंधनाला चालतं हो, पेट्रोलला नाही." टायगॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या प्लॅस्टिकची) पिवळी नळी दिली, टाकीचं बूचही बदलायला लावलं. इग्निशनची बॅटरी रेडिओ रिसीव्हरपासून लांब ठेवा, हे दोनदा बजावलं.

बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) मात्र पावसाळ्यात इथून घेऊ नका, दमट निघतो.

हवाई दलाच्या जुन्या खुणांचे स्टिकर नव्हते. ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांवरच्या त्या गोल चकत्या गडद-फिकट निळ्याच असत. मधला लाल ठिपका जपानी वाटू नये म्हणून काढलेला. त्या मी हातानेच रंगवतोय.