जुने सागवानी कपाट की जुन्या लाकडाचे नवे कपाट?

मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात दीडशे वर्षांचे म्हणून दाखवले जाणारे सागवानी कपाट साधारणपणे तीनपैकी एका प्रकारचे असते: त्या काळी घडवलेले आणि फारसे न बदललेले, दोन-तीन जुन्या वस्तूंचे भाग जुळवून उभे केलेले, किंवा पाडलेल्या वाड्या-बंगल्यांच्या तुळया व दारे चिरून अलीकडे बनवलेले. तिन्हींतले लाकूड खरोखर जुने असू शकते आणि फसगत तिथेच होते, कारण विक्रेता लाकडाचे वय सांगतो, तर ग्राहक पैसे घडणीच्या वयाचे मोजत असतो. प्रयोगशाळेतल्या कार्बन चाचणीनेही झाड कोणत्या काळात वाढले एवढेच कळते, आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या लाकडासाठी ते उत्तरही फार संदिग्ध येते.

म्हणून दर्शनी कोरीव काम बाजूला ठेवून आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढावे, खण बाहेर काढून उलटे करावेत आणि मागची फळी पाहावी. अस्सल जुन्या कपाटात या न दिसणाऱ्या भागांवर सहसा पॉलिश नसते. जिथे हवा आणि धूळ लागली तिथे लाकूड काळवंडलेले आणि जिथे खणाने झाकले गेले तिथे फिके, असा फरक स्पष्ट दिसतो. जुन्या लाकडाच्या नव्या कपाटात फळ्या ताज्या चिरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा उजळपणा लपवायला आतून-बाहेरून एकसारखा रंग दिलेला आढळतो, अगदी हात वा हवा कधी पोचणार नाही अशा कोपऱ्यातसुद्धा. शिवाय अशा फळ्यांवर बुजवलेली चौकोनी भोके आणि लोखंडाच्या काळ्या डागांनी वेढलेली खिळ्यांची छिद्रे असतात, ज्यांचा त्या कपाटाशी काहीच संबंध लागत नाही. जुन्या वस्तूतल्या प्रत्येक भोकाला काहीतरी कारण असते. ते सापडत नसेल, तर ती फळी पूर्वी दुसऱ्या कशाचा तरी भाग होती.

झिजेचेही तसेच आहे. खण कित्येक दशके ओढला-ढकलला गेला असेल, तर त्याच्या बाजूंची खालची कड झिजते आणि ती ज्या पट्टीवर घासते ती पट्टीही त्याच ठिकाणी झिजते. या दोन झिजा जुळत नसतील, तर खण एका कपाटाचा आणि सांगाडा दुसऱ्याचा असण्याची शक्यता मोठी. जुळवलेल्या वस्तू पकडण्यासाठी यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

हत्यारांच्या खुणांबाबत मात्र युरोपीय फर्निचरसाठी सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत. करवतीच्या सरळ, थोड्या असमान रेघा म्हणजे जुने काम आणि कमानदार रेघा म्हणजे गोल पात्याच्या यंत्राचे काम, हा नियम चुकीचा नाही. पण आपल्याकडे हाताने लाकूड कापणे आणि हातानेच डव्हटेल सांधे (पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवून केलेले कोपऱ्यांचे जोड) काढणे विसाव्या शतकातही चालू राहिले आणि चांगले सुतार ते आजही करतात. त्यामुळे हातकाम दिसले म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. उलट, अठराव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या वस्तूच्या मूळ फळीवर यंत्राच्या कमानदार रेघा असतील, तर तो दावा तिथेच संपतो.

स्क्रू आणि खिळे अधिक नेमके बोलतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या स्क्रूंचे टोक बोथट असते आणि माथ्यावरची खाच बऱ्याचदा मध्यभागी नसते. टोकदार स्क्रू त्यानंतर रूढ झाले आणि अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकापासून आले. बिजागरीला असा नवा स्क्रू दिसला, तरी लगेच पाठ फिरवू नये. आजूबाजूला जुन्या बिजागरीचा ठसा आणि जुनी भोके असतील, तर ती दुरुस्ती आहे. ती नसतील, तर वस्तूच नवी आहे. सांध्यातल्या डिंकाकडेही पाहावे. जुने सुतार सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक) वापरत, तो वाळून तपकिरी आणि ठिसूळ होतो. फेविकोल 1959 मध्ये बाजारात आले, त्यामुळे कधीच न उघडलेल्या म्हणून सांगितलेल्या सांध्यात तसा पांढरट डिंक दिसला, तर खुलासा मागावा.

किड्यांच्या छिद्रांना फार महत्त्व देऊ नये. सागाच्या आणि शिसवीच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे सगळीकडे सारखीच छिद्रे असलेले सागवान संशयास्पद समजावे. पॉलिशची परीक्षा लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा लावून होते: लाखेचे पॉलिश चिकट होते, आधुनिक पॉलियुरेथेनवर परिणाम होत नाही. अर्थात जुन्या वस्तूलाही नवे पॉलिश केलेले असू शकते.

गोव्याकडच्या शिसवी खुर्च्यांमध्ये फिक्या लाकडाला काळा रंग देऊन शिसवी म्हणून विकणे हा वेगळा धोका आहे. बैठकीखाली बारीक ओरखडा काढला, की रंग आतपर्यंत आहे का ते कळते. शक्य असल्यास आधी गोव्यातील चांदोर गावचे मिनेझिस ब्रागांझा घर, म्हणजे जुन्या फर्निचरने भरलेला तिथला जुना वाडा, पाहावे. अस्सल कामाची सवय डोळ्यांना तिथे होते. वेताची जाळी नवी असणे हा दोष नाही, ती वापराने तुटते आणि बदलावीच लागते.

रोज वापरायचे कपाट हवे असेल, तर जुन्या लाकडाचे नवे कपाट मी निःसंकोच सुचवेन, कारण मुरलेले सागवान वाकत नाही आणि माप आपल्याला हवे तसे मिळते. मात्र किंमत नव्या कामाची असावी. जुळवलेली वस्तू केवळ स्वस्त मिळाली तरच घ्यावी. अस्सल जुन्या वस्तूसाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर काळ, लाकूड आणि झालेल्या दुरुस्त्या पावतीवर लिहून घ्याव्यात. विक्रेता तोंडी सांगतो पण लिहून देत नाही, तेव्हा सौदा थांबवणे योग्य.

परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून अधिक कडक नियंत्रण आहे. त्यामुळे वस्तू जितकी अस्सल, तितकी ती इथल्याच घरासाठी घ्यावी लागते.