दहावी बाहेरून द्यायचीय: १७ नंबर की एनआयओएस?

शाळा सुटून वर्षं लोटलेली असतात आणि ‘आता दहावी काढायचीच’ असं ठरवून कुणीतरी आमच्या संध्याकाळच्या वर्गात येतं. पहिला प्रश्न ठरलेला: १७ नंबरचा फॉर्म भरू की एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, नाव घालू? दोन्हीकडची दहावी सरकारमान्य आहे, त्यामुळे ‘खरी कुठली’ या वादात पडू नका. तुमचा अभ्यास शेवटपर्यंत कुठे टिकेल, एवढंच बघा.

१७ नंबर म्हणजे राज्य मंडळाचीच परीक्षा, फक्त खाजगी विद्यार्थी म्हणून. किमान पाचवी पास असावं लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा. फॉर्म पावसाळ्यात निघतो आणि एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तोंडी-प्रात्यक्षिकाचे गुण तिथूनच जातात. मंडळी तिकडे फिरकत नाहीत आणि ऐनवेळी अडकतात. पेपर नियमित मुलांचेच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे विषय एकदम, पासिंग ३५ गुणांचं. गणित-विज्ञानातून सहसा सुटका नाही. एखादा विषय राहिला तर जून-जुलैच्या पुरवणीला फक्त तेवढाच देता येतो.

एनआयओएसची (स्थापना १९८९) चाल वेगळी. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. गणित घेतलंच पाहिजे असं नाही; गृहविज्ञानासारखा विषय चालतो. माध्यम मराठी मिळतं, पासिंग ३३ टक्के. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं.

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण याच सोयीत माणसं हरवलेली मी पाहिली आहेत. पहाटे पाचपासून मेसमध्ये पोळ्या लाटणारी एक ताई आमच्याकडे येते. पहिलं वर्ष तिचं ‘ऑक्टोबरला देते की’ यातच गेलं. मग आम्ही दोनच विषय ठरवले, मराठी आणि गृहविज्ञान. तिने वहीच्या मागच्या पानावर रोजची वेळ लिहायला सुरुवात केली: ९.४० ते १०.२५. एखाद्या दिवशी जमलं नाही तर तिथे रिकामी रेघ. त्या रेघा तिला डाचायच्या. वहीच्या कडांना पिठाचे डाग आहेत, पण रेघा आता मोजक्याच आहेत.

नववीतून शाळा सुटलेल्या एका मुलाला मात्र मी बिनदिक्कत १७ नंबर भरायला लावला. बालभारतीची पुस्तकं त्याच्या ओळखीची, आणि गल्लीत त्याच वर्षी दहावीला बसलेली चार मुलं. सराव प्रश्नसंच फिरत होते, ‘भूमिती कुठवर आली?’ असं येता-जाता कुणी विचारायचं. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हे विचारणंच पुढे नेतं. एनआयओएसच्या मराठी माध्यमाला असा सोबती शेजारी सापडणं कठीण, तो शोधावा लागतो.

म्हणून माझं मत असं: सगळे विषय एका वर्षात पेलतील आणि रोज दोन-तीन तास हाताशी असतील, तर १७ नंबर. नोकरी, लहान मूल, कामाच्या बदलत्या शिफ्ट यांत वेळ तुटक मिळत असेल, तर एनआयओएस. पण नऊ संधी आहेत हे विसरून, फॉर्म भरतानाच ‘या एप्रिलला हे दोन’ असं घरात सांगून टाका. पुढे डिप्लोमा किंवा आयटीआयचे तांत्रिक ट्रेड मनात असतील, तर एनआयओएसमध्येही गणित-विज्ञान घ्याच. ते टाळून दहावी झालेल्यांना तिथे अडचण येऊ शकते.

आणि कुठलाही मार्ग धरा, दिवाळीनंतर आठवड्यातून एक जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहा. वाचून सगळं येतं, पण दहा-बारा वर्षं पेन न धरलेला हात पहिल्याच तासाला भरून येतो. पेपर अर्धा राहतो तो तिथेच.